खोक्यावर खरं छापा: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

संगणकाच्या खोक्यावर आत नेमकं काय आहे ते साध्या शब्दांत छापणं सक्तीचं करू, असं आपण सभागृहात म्हणाला होतात. काल आपल्या खात्याचं उत्तर आलं, 'विषय विचाराधीन आहे.' तुमचा विचार होईपर्यंत मी लॅपटॉप घेऊन फसलो.

त्यावर ग्राफिक्सचं, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपचं, चकचकीत स्टिकर आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे आतल्या भागांच्या यादीत, बघतो तर भलतंच, हलकं नाव! मागचे स्क्रू काढले. रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) एकच पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. प्रोसेसरच्या पोटातल्या अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवर जगतं. एक पट्टी म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याचा रस्ता निम्मा, वर ८ जीबीतला वाटाही तेच खाणार. माझं घर व्हिडिओ एडिटिंगवर चालतं. रात्री दोनला एक्स्पोर्ट ९७ टक्क्यांवर अडकून मेला, सकाळी गिऱ्हाईक गेलं. कंपनी म्हणते, 'उत्पादन निकषांनुसार आहे.' कुणाचे निकष, साहेब?

आणि ते नॅनोमीटर, चिप बनवण्याच्या प्रक्रियेच्या नावातला आकडा! इंटेलचं १० नॅनोमीटर २०१६ला येणार होतं. २०१८ला कॅनन लेक हा प्रोसेसर आला, तोही ग्राफिक्स बंद करून. २०२१ला त्याच घराण्यातल्या सुधारित प्रक्रियेचं बारसं झालं, 'इंटेल ७'. घनतेत, म्हणजे तेवढ्याच जागेत किती ट्रान्झिस्टर बसतात त्यात, ती टीएसएमसी या तैवानच्या चिप कारखानदाराच्या ७ नॅनोमीटरच्या तोडीची आहे म्हणे. असेल बुवा. मग घनताच छापा की! २०२३च्या मिटिऑर लेक प्रोसेसरमध्ये सीपीयूची टाइल (चिपचा तुकडा) 'इंटेल ४'वर, ग्राफिक्सची टीएसएमसीकडून. आम्ही कुठला आकडा धरायचा? इंटेलची स्पर्धक एएमडीही काही साळसूद नाही. ग्राफिक्ससाठी २००६ला एटीआय ही कंपनी घेतली, २००९ला कारखाने वेगळे काढले, आणि २०२२च्या रायझन ७०२० प्रोसेसर मालिकेत २०१९चेच झेन २ कोअर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) घातले. कोअरमध्ये नवं काय, तर नंबर.

या कंपन्यांच्या भांडणात सरकारं मात्र सढळ. अमेरिकेनं २०२२च्या एका कायद्यात चिप उद्योगासाठी ५२ अब्ज डॉलरच्या वर रक्कम ठेवली. कारखान्याची फीत कापायला सगळे मंत्री हजर, एका लेबलाला मात्र समिती, उपसमिती, विचार. जाहिरात करणारे तेच, निकष ठरवणारे तेच. आपण नेमके कुणाचे मंत्री आहात?

रॅमच्या पट्ट्या किती, कोअर कुठल्या साली आले, ग्राफिक्स कुठल्या प्रक्रियेवर बनलं, एवढं छापायला लावा. अधिक काही मागत नाही. गिऱ्हाईक तर परत मिळणार नाहीच.

हे पत्र त्याच लॅपटॉपवर टाइप केलंय. टाइप करण्यापुरता तो चालतो.

आपला,
एक विचाराधीन ग्राहक