सिमेंटचे पत्रे फोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या वाड्यांत, चाळींत, वस्त्यांत जुने सिमेंटचे पत्रे बदलायची घाई सुरू होते. हुक गंजलेले, नट फिरत नाही, म्हणून कामगार हातोड्याने पत्राच फोडून खाली पाडतो. नवा पत्रा ग्राइंडरने कापला की गल्लीभर पांढरी धूळ. तुकडे तिथेच पडून राहतात आणि पोरे त्यांची ठिकरी करून खेळतात.

या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲसबेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचे खनिज, असतो. तुटलेली कड जवळून पाहा, सुटलेल्या दोऱ्यासारखी पांढरी लव दिसेल. घातक तंतू मात्र डोळ्यांना दिसतही नाहीत. ते श्वासातून फुफ्फुसात रुततात. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, त्यानंतर बहुधा ३०-४० वर्षांनी डोके वर काढतो. सहा वर्षांच्या मुलापुढे एवढी वर्षे असतात, धोका आहे तो इथेच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटनूम गावात निळ्या ॲसबेस्टॉसच्या खाणीचा चुरा रस्त्यांवर, शाळेच्या मैदानावर पसरलेला असे. खाण १९६६ मध्ये बंद झाली. त्या चुऱ्यात खेळलेल्यांपैकी कित्येक जण मोठेपणी कर्करोगाने गेले. आपल्याकडचा ॲसबेस्टॉस पांढरा, म्हणजे निळ्याहून कमी घातक प्रकारचा, आणि सिमेंटात बांधलेला, हे खरे. पण तोही कर्करोगकारकच आहे, आणि ग्राइंडर नेमके ते बांधलेले तंतू मोकळे करतो.

धड पत्रा घाबरून काढू नका. त्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका. काढायचाच असेल तर आधी मुलांना लांब पाठवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून बारीक फवाऱ्याने पत्रा भिजवा. जोराचा पाइप नको, त्याने तंतू उडतात. नट अडला तर हुकाची दांडी बोल्ट कटरने तोडा आणि पत्रा अख्खा उतरवा. जुन्या पत्र्यावर, त्यातून ओल्या, पाय देऊ नका. रुमाल बांधून भागत नाही, अगदी बारीक धूळही गाळणारा एफएफपी-३ मास्क लागतो. झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके जाड पिशवीत बांधून टाका. कामाचे कपडे घरच्या धुण्यात नकोत.

पत्रे राडारोड्यात गेले तर क्रशरमध्ये भरडले जाऊन तंतू पुन्हा हवेत येतात. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र रांजणगावला आहे. महापालिकेने एप्रिल-मे महिन्यांत क्षेत्रीय कार्यालयांमार्फत अख्खे पत्रे वेगळे उचलून तिथे पाठवावेत आणि शाळांच्या पत्र्यांपासून सुरुवात करावी.

बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते, पुणे