आजी-आजोबांचं ऐका, मग लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या 'रेड इंडियन' लोकांवर अर्धं पान आलंय, ते वाचलं. पिसांचा टोप, घोडा, तंबू आणि शेवटी 'आता या जमाती इतिहासजमा झाल्या' असं वाक्य. मी आयडाहोत बॉयसीला राहते, नऊ वर्षं झाली, आणि ही 'इतिहासजमा' माणसं मला इथे सुपरमार्केटच्या बिलाच्या लाइनीत भेटतात, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडून गाडीने अडीच-तीन तासांवर, आयडाहो आणि नेवाडाच्या हद्दीवर डक व्हॅली रिझर्वेशन आहे, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेला मुलूख, शोशोनी आणि पायूट या दोन जमातींचा मिळून. शोशोनी स्वतःला नेवे म्हणतात, पायूट नुमु म्हणतात, दोन्हीचा अर्थ माणसं एवढाच. 1877 साली सरकारने ही जागा शोशोनींना नेमून दिली आणि सातच वर्षांनी त्यांना तिथूनही उठवून आयडाहोतल्याच फोर्ट हॉल या दुसऱ्या रिझर्वेशनला न्यायचा घाट घातला, पण ते हलले नाहीत. पायूट तिथे कसे आले ते तर ऐकवत नाही. 1878 मध्ये बॅनॉक जमात आणि अमेरिकन सैन्य यांच्यात बॅनॉक युद्ध झालं, काही पायूटही त्यात उतरले, त्यात भाग न घेतलेल्यांनाही शिक्षा झाली, 1879 च्या जानेवारीत पाचशेहून जास्त पायूटांना, बायका-पोरं-म्हातारे सगळ्यांना, ओरेगनमधून भर बर्फातून साडेतीनशे मैलांवर वॉशिंग्टनमधल्या याकिमाला नेलं. त्यातून परत फिरलेला पॅडी कॅप या पायूट पुढाऱ्याचा गट शेवटी डक व्हॅलीत आला आणि 1886 साली त्यांच्यासाठी जमीन वाढवली गेली. हे सरकारी कागदात आहे, पण कागदात फक्त आकडे. वाटेत कोण मागे राहिलं, कुठल्या बाईने बाळ कशात गुंडाळलं, हे ज्यांच्या आज्यांनी बघितलं त्यांनीच सांगायचं.

आणि ते सांगतात हो! नेवाडातल्या एल्कोला ग्रेट बेसिन कॉलेज आहे, तिथल्या ग्रेट बेसिन इंडियन आर्काइव्हने कितीतरी शोशोनी आजी-आजोबांच्या मुलाखती रेकॉर्ड करून ठेवल्यात, काही त्यांच्या स्वतःच्या भाषेत. मी रात्री भांडी घासताना लावते आणि मग नळ बंद करून नुसती ऐकत उभी राहते. गवत कापणीचे दिवस, गुरं, पाइनच्या बिया गोळा करायला सगळं घर डोंगरावर जायचं ते, आणि शाळा. नेवाडातल्या कार्सन सिटीजवळची स्टुअर्टची बोर्डिंग स्कूल, जमातींच्या मुलांसाठी सरकारने काढलेली, 1890 ला सुरू झाली ती थेट 1980 ला बंद पडली. केस कापायचे, युनिफॉर्म, लष्करासारखी कवायत, आपली भाषा बोललं की शिक्षा. पण यातली एक गोष्ट मला कुठल्याच लेखात सापडली नव्हती, काही जण त्याच शाळेची आठवण प्रेमाने काढतात, मैत्रिणी, बॅन्ड, बॉक्सिंग, हाताला मिळालेलं काम. एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही येतं, आणि ते दोन्ही खरं असतं. तुमच्या लेखात ही माणसं एकतर शूर आहेत नाहीतर बिचारी, तिसरं काही नाहीच.

मागच्या 4 जुलैला डक व्हॅलीतल्या ओवायही गावाला रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवर स्वारीचे खेळ) बघायला गेलो होतो. एका झाडाखाली एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. भिजवलेली विलोची काडी घेतली, टोकाला चीर दिली, एक फाटा दातात धरला, दोन दोन्ही हातात, आणि अशी सरसर ओढली की एका काडीच्या तीन सारख्या पट्ट्या. बाळाच्या पाळण्यासाठी. त्या पाळण्याला वर उन्हासाठी छपरी असते, आणि मुलगा असला तर नक्षी तिरक्या रेघांची, मुलगी असली तर चौकटीची, हे त्यांनीच सांगितलं. मी फोटो काढू का विचारलं, नको म्हणाल्या, बस म्हणाल्या. बसले तासभर.

त्यांनी नदीचं सांगितलं. ओवायही नदीला पूर्वी समुद्रातून सॅल्मन चढून यायचे (आपला रावस तो वेगळा), त्यांच्या वडिलांनी भाल्याने मारलेले. 1932 साली खाली ओरेगनमध्ये शेतीसाठी ओवायही धरण बांधलं, माशांना वर यायला वाट ठेवलीच नाही, संपलं. आजींनी स्वतः लहानपणी तो मासा नदीत कधी बघितला नाही, पण कुठल्या वळणावर किती यायचे ते त्यांना पाठ. आता गेल्या काही वर्षांत जमातीने ट्रकमधून सॅल्मन आणून नदीत सोडायला सुरुवात केलीय. आणि सोडायचे कुठे, तर आजी-आजोबांनी सांगितलेल्या त्याच नदीत.

मला तिथे भरून आलं कारण माझं आजोळ कोयनेच्या धरणात गेलं. आजी ताटात भात कालवता कालवता सांगायची, इथे विहीर, इथे पाटलांचा वाडा, इथे फणस. आज आमच्याकडे तिचा एक मिनिटाचा पण आवाज नाही, मोबाइल खिशात असून कुणाला सुचलं नाही, मला पण नाही.

तर साहेब, 'रेड इंडियन' हा शब्द कृपया काढा, शोशोनी, पायूट अशी नावं आहेत त्यांना. 'इतिहासजमा' ची दुरुस्ती त्याच पानावर पुढच्या रविवारी छापा. आणि त्या मुलाखती इंटरनेटवर फुकट आहेत, त्यातल्या दोन-तीन मी मराठीत उतरवून देते, परवानगीचं पत्रही मीच लिहीन, मानधन नको.

आपली एक वाचक,
बॉयसी, आयडाहो