पोकर: ठेवी वेगळ्या ठेवा

महोदय,

ऑनलाइन पोकर म्हणजे कौशल्य की नशीब, हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि खेळाडूचा पैसा मधल्या मध्ये अडकतो. १५ एप्रिल २०११ला अमेरिकेने तीन मोठ्या पोकर कंपन्यांवर कारवाई केली, तेव्हा त्यांपैकी 'फुल टिल्ट'कडे खेळाडूंच्या ठेवी परत करण्याइतकी रक्कमच नव्हती. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मिळायला २०१४ उजाडले! म्हणून पोकर कंपनीच्या परवान्याची पहिली अट ठेवींसाठी वेगळे बँक खाते हीच हवी. पत्ते पिसणाऱ्या प्रणालीची त्रयस्थ तपासणी आणि वयाची पडताळणी त्यानंतर. कर मात्र कंपनी प्रत्येक डावातून कापते त्या 'रेक'वरच लावावा. तो पूर्ण पॉटवर, म्हणजे डावात लावलेल्या एकूण रकमेवर लावला, तर तीच रक्कम डावागणिक झिजत जाते आणि खेळाडू विनापरवाना साइटकडे वळतात.

— एक वाचक