हायब्रिडमध्ये सेल्फ शोधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीचे इंजिन शहरात दर सिग्नलला बंद-चालू होते, तेव्हा तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, दोन वर्षांत बाद होणार, असे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे छापून आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चौतीस वर्षे सेल्फ आणि वीज तयार करणारे डायनामो दुरुस्त केले. आर्मेचर भरायचे, मोटरीच्या फिरत्या भागावर घासून वीज पोचवणारे कार्बन बदलायचे, पिनियन पुढे ढकलणारे बेंडिक्स बसवायचे, यावरच माझे घर चालले. त्यामुळे गप्प बसवेना.

साध्या गाडीपुरती त्यांची भीती खरी आहे. चावी फिरवली की सेल्फची नऊ-दहा दातांची पिनियन, म्हणजे लहान गिअर, पुढे सरकते आणि इंजिनाच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दातेरी रिंगला भिडते. दर वेळी दात थोडे खाल्ले जातात, कार्बन थोडे झिजतात. गिऱ्हाईक तोंडाने ‘खर्रर्र’ करून दाखवायचे, तेवढ्यावर मी रिंग गेल्याचे सांगायचो.

पण जावयांनी हायब्रिड घेतली तेव्हा बॉनेट उघडून मी पंधरा मिनिटे सेल्फ शोधला. नव्हताच! डायनामोच्या जागी आलेला अल्टरनेटरही नव्हता. मग चष्मा लावून पुस्तके वाचली. टोयोटाने 1997 मध्ये जपानात प्रियस आणली तेव्हापासूनची ही रचना, आणि मारुतीच्या स्ट्राँग, म्हणजे नुसत्या मोटरीवरही चालणाऱ्या, हायब्रिड ग्रँड विटारातही तीच आहे. गिअरबॉक्सच्या जागी दोन मोटरी आणि मधे ग्रहमालेसारखी गिअरची चकती. मधल्या सूर्यगिअरवर लहान मोटर, ग्रहांच्या चौकटीवर इंजिन, बाहेरच्या कड्याकडे मोठी मोटर आणि चाके. लहान मोटर फिरली की इंजिन फिरते. जुन्या प्रियसमध्ये सूर्याला 30 दात, कड्याला 78. म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचा एक फेरा करायला ही मोटर 3.6 फेरे घेते. आमचा सेल्फ इंजिनाला मिनिटाला जेमतेम दोन-अडीचशे फेरे देतो. ही मोटर त्याला हजाराच्या आसपास नेते आणि मगच पेट्रोल सोडले जाते. गिअर कायम एकमेकांत अडकलेले, त्यामुळे आदळआपट नाही. मोटरीत कार्बन नाहीत, मग झिजणार काय? हीच मोटर नंतर डायनामोचेही काम करते. माझ्या धंद्यातली दोन्ही गिऱ्हाइके एकाच डब्यात संपली, असे मी जावयांना म्हणालो. ते हसले, मी नाही.

‘माइल्ड’ हायब्रिड मात्र वेगळी; तिची छोटी मोटर पट्ट्याने इंजिन फिरवते. तिथे पट्टा आहे, तो ताणून धरणारा रोलर आहे, ते झिजतात, बदलावे लागतात. पत्रलेखकांनी दोन्ही एकाच माळेत ओवल्या.

आता खरे दुखणे. दिवाळीत जावई तीन आठवडे गाडी उभी करून गेले, डिकीतला दिवा चालू राहिला. परत आल्यावर बटण दाबले तर काहीच नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर गाडी न बघताच ‘हायब्रिड बॅटरी गेली असेल, लाखाच्या वर खर्च’ असे उत्तर! मी मीटर लावला. बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीत 7.4 व्होल्ट. मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, तिची वीज जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढायला आणि कॉम्प्युटर जागे करायला ही धाकटीच लागते. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर वायर लावली, बटण दाबले, ‘रेडी’चा दिवा लागला. इंजिनाचा आवाज नाहीच, गाडी मोटरीवरच निघायला तयार. शेजारी म्हणत राहिले, ‘आता सेल्फ मारा की!’

दुसरे म्हणजे धूळ. बऱ्याच गाड्यांत मोठ्या बॅटरीला थंड हवा ओढणारी जाळी मागच्या सीटच्या कडेला असते. एका वकीलसाहेबांच्या जुन्या गाडीतली जाळी उघडली, तर आत कुत्र्याच्या केसांची नमद्यासारखी गादी. पंखा गुदमरला की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य तिथेच कमी होते. पाच मिनिटांचे ब्रशचे काम, पण सांगत कोणी नाही.

बाकी टिकाऊपणाचे म्हणाल, तर अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने 2011 मध्ये दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली 2002 ची प्रियस तपासली होती. त्याच्या दहा वर्षे आधी नवी गाडी तपासताना मिळालेल्या मायलेजात आणि हिच्यात जवळपास फरक नव्हता. बॅटरीची वीज मोटरींना जुळवून देणारा इन्व्हर्टर किंवा मोठी बॅटरी गेली तर खिसा फाटतो, हे मी नाकारत नाही. वॉरंटीचा कागद मात्र घेतानाच वाचावा.

आमच्या लाइनमधल्या पोरांसाठी एवढे जरूर छापा. वायर बॉडीला घासून ठिणगी बघायची आपल्याला सवय आहे. हायब्रिडमधल्या नारंगी वायरीला तसला हात लावू नका. तिथे बारा व्होल्ट नसतात, शेकड्यांनी असतात.

आपला,
एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर