डिटेलिंगच्या कामात फोटोसाठी वेळ राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरायला लागला की दसऱ्यापर्यंत गाड्यांचे डिटेलिंग, म्हणजे आतबाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश, करणाऱ्यांना मान वर करायला उसंत नसते. चार महिन्यांचा चिखल, झाडांचा चीक, सोसायटीतल्या बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग असे सगळे एकदमच दारात येते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला पूजा असल्याने प्रत्येकाला गाडी आदल्या संध्याकाळी हातात हवी असते. या घाईत पहिली काट बसते ती कामाच्या फोटोंना. दीड-दोन दिवस राबून बॉनेटवरचे ओरखडे काढलेले असतात, पण ते होते हे दाखवायला नंतर काहीच उरत नाही. त्यामुळे या धंद्यातल्या आमच्या भावंडांसाठी आणि गाडी देणाऱ्या वाचकांसाठीही हे पत्र.

'फोटोला वेळच मिळत नाही' ही तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ फोटो शेवटी काढायच्या सवयीत आहे. शेवटी गिऱ्हाईक किल्लीसाठी उभे असते, उजेड गेलेला असतो आणि सगळ्यात महत्त्वाचा फोटो काढायची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. पॉलिशचे मशीन एकदा पत्र्यावर फिरले की आधीची अवस्था परत आणता येत नाही. म्हणून फोटो हा मास्किंग टेप लावण्यासारखाच कामाचा एक टप्पा धरावा आणि जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर, त्याच्या चौकटी छापून घ्याव्यात. पूर्ण पॉलिश आणि कोटिंगच्या (पेंटवर लावायच्या संरक्षक थराच्या) कामात असे चार टप्पे पुरतात: गाडी ताब्यात घेताना, धुऊन क्ले (पेंटला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवल्यावर, अर्धे पॉलिश झाल्यावर आणि देण्याआधी. सगळे मिळून पंधरा ते वीस मिनिटे लागतात. ती अंदाजपत्रकातच धरावीत, उरलेल्या वेळातून काढू नयेत.

गाडी ताब्यात घेतानाचे फोटो पाणी लागण्याआधी आणि शक्यतो मालक समोर असतानाच घ्यावेत. चारही बाजू, चारही कोपरे, चारही अलॉय चाके, पुढची काच, सुरू केलेल्या डॅशबोर्डवरचे किलोमीटर, इंधनाचा काटा आणि पेटलेले दिवे, डिकीतले सामान. तीन मिनिटे पुरतात. फूटपाथला घासलेले अलॉय, बंपरच्या खालचा चरा, काचेवरचा खड्याचा टिपका या तीन गोष्टींवरून सर्वाधिक वाद होतात, तेव्हा त्यांचे जवळून वेगळे फोटो घ्यावेत. साध्या वॉशच्या गाडीला एवढा पसारा नको. तिथे गाडीभोवती एक फेरी मारत मिनिटभराचा व्हिडिओ पुरे.

पण मळलेल्या गाडीच्या फोटोत पेंटचे खरे दुखणे दिसत नाही, कारण धुळीखाली ओरखडे झाकलेले असतात. सोसायटीत रोज सकाळी एकाच फडक्याने दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात. फडक्यातल्या धुळीने क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक ओरखडे पडत जातात आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याचे जाळे पसरल्यासारखे दिसते. हे टिपायचे असेल तर गाडी धुऊन, डांबराचे डाग आणि लोखंडी कण काढून, क्ले बार फिरवून, पूर्ण कोरडी केल्यानंतरच फोटो घ्यावा लागतो. नेमका हाच फोटो बहुतेक जण सोडतात, कारण त्या क्षणी हात मशीनकडे वळलेला असतो. साधी युक्ती अशी की पॉलिशरला पॅड लावण्याआधी जॉबकार्डवरच्या दुसऱ्या चौकटीत खूण झालीच पाहिजे, असा दुकानाचा नियम करावा.

हा फोटो काढणे अवघडही आहे, तेव्हा त्याबद्दल थोडे सविस्तर. छतावरच्या ट्यूबच्या पसरट उजेडात ओरखडे दिसत नाहीत. त्यांना एका बिंदूतून येणारा उजेड लागतो: हातातली एलईडी टॉर्च किंवा थेट ऊन. वरच्या ट्यूब बंद कराव्यात, मदतनिसाने पत्र्यापासून हात-दीड हातावर टॉर्च धरावी आणि फोन तिरका धरावा. इथे हमखास एक घोळ होतो. फोनचा कॅमेरा पत्र्यावर फोकस न करता पत्र्यात दिसणाऱ्या टॉर्चच्या प्रतिबिंबावर फोकस करतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते प्रतिबिंब पत्र्याच्या मागे, लांब असते. मग उजेडाचा गोळा स्पष्ट येतो आणि ओरखडे पुसट होतात. उपाय म्हणून पत्र्यावर मास्किंग टेपचा बोटभर तुकडा चिकटवावा, स्क्रीनवर त्या टेपच्या कडेला बोट दाबून धरावे, फोकस आणि उजेड लॉक करावा आणि मग उजेडाची पट्टी खाली ओढावी. ओरखडे लगेच उठून दिसतात. नाइट मोड आणि एआय सुधारणा बंद ठेवावी. फोन अनेक फ्रेम एकत्र करतो, दाणे पुसतो आणि त्यासोबत बारीक ओरखडेही पुसून टाकतो. फोनचा फ्लॅश तर नकोच, काळ्या पत्र्यावर नुसता पांढरा डाग उमटतो.

पांढऱ्या गाड्या आपल्याकडे फार, आणि पांढऱ्यावर ओरखडे फोटोत जवळजवळ दिसत नाहीत. तिथे दुसरा पुरावा धरावा. लोखंडी कण काढणारे द्रावण फवारले की ब्रेकच्या धुळीचे कण जांभळे होऊन ओघळतात. ही अवस्था दोन-तीन मिनिटेच टिकते आणि द्रावण पत्र्यावर वाळू द्यायचे नसते, त्यामुळे फोन आधीच स्टँडवर लावून ठेवावा. पांढरी गाडी चौकटीत भरली की कॅमेरा ती करडी करतो, म्हणून उजेड किंचित वाढवावा. काळ्या गाडीला उलट, किंचित कमी करावा.

तिसरा टप्पा म्हणजे अर्ध्या पॉलिशचा फोटो. बॉनेटच्या मधोमध टेपची सरळ रेघ मारून एकच बाजू कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) आणि पॉलिश करायची, टेप काढायची आणि दोन्ही बाजू एकाच फोटोत घ्यायच्या. पण त्याआधी पॉलिश केलेली बाजू पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दहा ते पंधरा टक्क्यांच्या मिश्रणाने, पुसलीच पाहिजे. पॉलिशमधली तेले आणि भराव ओरखड्यांत बसतात आणि पत्रा तात्पुरता आरशासारखा दिसतो. न पुसता काढलेला फोटो खोटा ठरतो, आणि दोन-तीन धुण्यांनंतर ओरखडे परत दिसू लागले की गिऱ्हाईक तोच फोटो घेऊन परत येते. हेडलाइटलाही हीच पद्धत: अर्धी काच टेपने झाकून बाकीची घासावी, पॉलिश करावी आणि मग टेप काढून फोटो घ्यावा.

पेंटची जाडी मोजणारे मीटर असेल तर त्याचा आकडा आणि तो कोणत्या भागाचा हे दोन्ही एकाच फोटोत येऊ द्यावे. कंपनीच्या मूळ पेंटची एकूण जाडी बहुतेक गाड्यांत साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातला वरचा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. एखाद्या दारावर आकडा एकदम ३०० च्या पुढे गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे किंवा खाली पुट्टी आहे असे समजावे. तो फोटो मालकाला मशीन लावण्याआधी पाठवावा, नंतर नाही.

देण्याआधीच्या फोटोसाठी गाडी दर वेळी एकाच जागी उभी करावी. चाकाची जागा आणि स्टँडची जागा जमिनीवर टेपने आखून ठेवली की कोन शोधण्यात वेळ जात नाही, आणि आधीचा व नंतरचा फोटो शेजारी ठेवल्यावर तुलना प्रामाणिक राहते. फोन छातीच्या नव्हे, हेडलाइटच्या उंचीवर हवा. अर्धा पट झूम, म्हणजे वाइड लेन्स, टाळावी, बॉनेट फुगलेले आणि मागचा भाग आखडलेला दिसतो. तीन-चार मीटर मागे जाऊन दुप्पट झूमवर घेतलेला फोटो गाडीचा खरा आकार दाखवतो. पिवळे बल्ब आणि पांढऱ्या ट्यूब एकत्र लावल्या तर एकाच गाडीवर दोन रंग दिसतात, म्हणून एकाच जातीचे दिवे ठेवावेत. व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले तर दोष दिव्यांच्या लुकलुकण्यात आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून २५ फ्रेमने चित्रण केले की पट्टे जातात.

सीटचे फोटो ओल्या सीटचे घेऊ नयेत. ओले कापड गडद दिसते आणि डाग लपतो. शाम्पू केलेली सीट वाळायला काही तास लागतात, दमट हवेत त्याहूनही जास्त, आणि वाळताना खालचा मळ कधी कधी वर येतो. तो आला की नाही हे पाहूनच शेवटचा फोटो. कोटिंग लावलेली गाडी निव्वळ फोटोसाठी भुरभुर पावसात बाहेर काढणे हा तर शुद्ध तोटा आहे. पहिले काही तास पाण्याचा थेंब पडू द्यायचा नसतो, डाग कायमचा बसू शकतो. पावसाळ्यात आतलाच फोटो बरा.

मग हात मोकळे कधी मिळतात? कामातच थांबण्याच्या जागा आहेत: बादल्या भरत असताना, सीटवरचे लेदर कंडिशनर मुरत असताना, इन्फ्रारेड दिव्याखाली कोटिंग सुकत असताना. फोम गाडीवर पाच मिनिटे असतो, पण तेव्हा हात ओले असतात. त्यामुळे ती वेळ स्टँडवरच्या फोनसाठी ठीक, हातातल्या फोनसाठी नाही. दुकानासाठी एक जुना, सिम नसलेला फोन वेगळा ठेवणे हा खर्च नव्हे, बचत आहे. स्वतःच्या फोनवर मध्येच कॉल येतात, आणि कंपाउंडने माखलेल्या बोटांनी लेन्स पुसली की काचेलाही ओरखडे पडतात. दर फोटोआधी लेन्स स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावी. धुरकट आलेल्या कितीतरी फोटोंचे कारण एवढेच असते. घरोघरी जाऊन काम करणाऱ्यांनी तळघरातल्या पार्किंगपेक्षा उताराच्या तोंडाशी गाडी उभी करून फोटो घ्यावा, आणि फोनमधली जागेची नोंद बंद ठेवावी, नाहीतर फोटोबरोबर मालकाच्या घराचा पत्ताही जातो.

फोटोत सजावट करण्यात वेळ घालवू नये. फिल्टर लावला की रंग बदलतो आणि विश्वास जातो. चौकट सरळ करावी, नंबरप्लेट, फास्टॅगचा कोड आणि सोसायटीचे स्टिकर झाकावे, एवढेच. गाडीमागे पंचवीस फोटो, प्रत्येकी चार एमबी धरले तर शंभर एमबी होतात. महिन्याला चाळीस गाड्यांचे चार जीबी. तारीख आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे असे फोल्डरला नाव द्यावे आणि आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, सगळे हार्ड डिस्कवर उतरवावे. त्याच बैठकीत लोकांना दाखवण्याजोगे तीन फोटो निवडावेत आणि खाली कोणते काम, किती तास, काय वापरले एवढे लिहावे. मूळ फाइल जपणे महत्त्वाचे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि वेळेची नोंद निघून जाते, म्हणून मालकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. कोटिंगची हमी तीन-पाच वर्षांची असेल तर फोटोही तेवढी वर्षे ठेवावेत. वाद ग्राहक आयोगापर्यंत गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते. तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि तेव्हा मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

गाडी देणाऱ्या वाचकांना आमची विनंती अशी. पॉलिशचे पैसे मोजत असाल तर टेपच्या रेघेचा फोटो आणि जाडीच्या मीटरचे फोटो जरूर मागा. गाडी सोडताना डॅशबोर्डवरचे कागद, मुलांची दप्तरे, शाळेची ओळखपत्रे काढून घ्या. फोटो लोकांना दाखवायला तुमची परवानगी आहे की नाही हे जॉबकार्डवर तिथेच लिहून द्या. 'नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि नोंदीसाठीचे फोटो तरीही घेतले जातील. गाडी न्यायला शक्यतो दुपारी चारच्या सुमारास या, म्हणजे उजेडात आपण दोघे मिळून ती पाहू शकतो. आणि दसऱ्याच्या तोंडावर नवे कोटिंग झाले असेल तर हार बांधताना तारेऐवजी सुती दोरा वापरा आणि हळद-कुंकू पत्र्याऐवजी नंबरप्लेटवर किंवा काचेवर वाहा. पहिला आठवडा बहुतेक कोटिंग शाम्पूने धुता येत नाहीत, त्यामुळे पत्र्यावर बसलेला हळदीचा डाग तेवढे दिवस काढता येणार नाही.

आपले,
पुणे परिसरातील गाडी डिटेलिंग करणारे काही व्यावसायिक