ड्युटीचे तास प्रवेशाआधीच जाहीर करा

महोदय,

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की रेडिओलॉजी आणि त्वचारोगाच्या जागांवर आधी उड्या पडतात आणि ‘हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत’ असा सूर लागतो. भूलतज्ज्ञ म्हणून मी आयुष्यभर सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यासोबत टेबलापाशी उभी राहिले, त्यांचे निवासी डॉक्टर जवळून पाहिले. हा सूर मला अन्यायाचा वाटतो. नुसता आरामच हवा असता तर शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राच्या जागा पहिल्यांदा संपल्या असत्या. तिथे रात्रपाळी नसते. प्रत्यक्षात त्याच जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. रिकाम्या जागा भरण्यासाठी 2023 मध्ये नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली होती.

मेडिसिनच्या जेआर-वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कनिष्ठ निवासी डॉक्टरचा, इमर्जन्सीचा दिवस सकाळी सुरू होतो, रात्रभर कॅज्युअल्टीतून रुग्ण येत राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णांचा राउंड असतो. सलग 36 तास असे सहज होतात. लेबर रूममध्ये तर कधी एकामागून एक सिझेरियन येतील सांगता येत नाही. ऑर्थोत, म्हणजे अस्थिरोग विभागात, रात्री अपघाताचे रुग्ण, सकाळी ऑपरेशन थिएटरची तयारी. भूलशास्त्रातही ड्युटी लांब असते, पण रुग्ण रिकव्हरीतून वॉर्डात गेला की आमच्यावरचा भार बराच उतरतो. सर्जरीच्या मुलांचा तिथून सुरू होतो. आणि जिला ‘आरामाची ब्रँच’ म्हणतात त्या रेडिओलॉजीतला पहिल्या वर्षाचा मुलगा रात्री अपघातग्रस्तांचे सीटी स्कॅन पाहतो, दिवसा गर्भवतींच्या सोनोग्राफीचे, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने सक्तीचे केलेले एफ फॉर्म भरतो.

पण खरा फरक ब्रँचपेक्षा कॉलेजचा आणि युनिटचा, म्हणजे विभागातल्या डॉक्टरांच्या गटाचा असतो, याकडे कुणी पाहत नाही. तीच एमएस सर्जरी एका ठिकाणी पाच निवासी वाटून घेतात, दुसरीकडे दोघेच ओढतात. सरकारी रुग्णालयांत चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त असली की ट्रॉली ढकलणे, रक्तपेढीतून पिशव्या आणणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे हे सगळे जेआर-वनच करतो. त्यातून तो काय शिकतो? ही पदे भरली तर शिक्षणाला जराही धक्का न लागता त्याच्या ड्युटीचे कितीतरी तास वाचतील.

नियम नाहीत असे नाही. केंद्राच्या 1992 च्या निर्देशांत कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी सर्वसाधारणपणे आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांची मर्यादा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीत मात्र ‘वाजवी तास’ एवढेच म्हटले आहे. त्याच आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने 2024 मध्ये आठवड्याला कमाल 74 तास आणि एक दिवस सुट्टी सुचवली. म्हणजे 32 वर्षांनंतर सुचवलेली मर्यादाही जुन्या मर्यादेपेक्षा 26 तासांनी जास्त, आणि अनेक वॉर्डांत तीही पाळली जात नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रवेशासाठी कॉलेज आणि ब्रँचचे चॉइस भरताना विद्यार्थ्याला जागा आणि फी कळते. ड्युटी कशी आहे हे मात्र ओळखीच्या सीनियरला फोन करून विचारावे लागते. ज्याच्या घरात आधी कुणी डॉक्टर नाही, त्या खेड्यातल्या मुलीने कुणाला विचारायचे? रुजू झाल्यावर जागा सोडावी म्हटले तर अनेक ठिकाणी मोठा दंड किंवा पुढच्या प्रवेशाला बंदी आड येते. वैद्यकीय शिक्षण विभागाने प्रत्येक कॉलेजकडून विभागवार माहिती घेऊन पहिल्या फेरीआधी जाहीर करावी: एका युनिटमध्ये निवासी किती, इमर्जन्सी आठवड्यातून किती वेळा, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, मुलींसाठी कुलूप लागणारी ड्युटी रूम आहे का. कोलकात्यात ऑगस्ट 2024 मध्ये ड्युटीवरील डॉक्टर तरुणीची सेमिनार हॉलमध्ये हत्या झाली, त्यानंतर हा शेवटचा प्रश्न तरी कोणत्याही कॉलेजला टाळता येऊ नये.

– एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सोलापूर