तुझा नॅनोनोट पळायला लागला

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

बंगळुरूला जाताना तू माझ्या गळ्यात मारलेला तो बेन नॅनोनोट आठवतो, खिशात मावणारा चिमुकला लिनक्स कॉम्प्युटर? ३ इंची स्क्रीन, ३३६ मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम. 'शोकेसमध्ये ठेव' म्हणाला होतास. लेका, तो आता माझा जेटॅग डिबगर आहे, म्हणजे वायरींवरून दुसऱ्या चिपच्या आत डोकावून तिच्यात प्रोग्रॅम भरणारं यंत्र!

मायक्रोएसडीच्या खाचेत ब्रेकआउट बोर्डाची (पिना बाहेर काढून देणारी) पट्टी खुपसायची, कार्डाच्या पिनांवरून चार वायरी ओढायच्या आणि आतल्या लिनक्सवर ओपनओसीडी (जेटॅगवरून चिपशी बोलणारा प्रोग्रॅम) चालवायचं. चाललं पहिल्याच दिवशी, पण कसं? ६४ केबीचा प्रोग्रॅम ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चढवायला दिला, चहा टाकला, उकळला, प्यायलो, कप विसळला, तरी चालूच.

मी दोष दिला वायरींना. शनिवारी तापकीर गल्लीत गेलो, गर्दीत धक्के खाऊन आखूड जंपर आणले. ढिम्म फरक नाही.

मग रात्री कागदावर हिशेब मांडला. ६४ केबी म्हणजे ५,२४,२८८ बिट. दर बिटाला टीडीआय (डेटाची वायर) लावा, मग क्लॉकची वायर वर, क्लॉक खाली. मी पिना सिसएफएसमधून (लिनक्सने त्यासाठी दिलेल्या फाईलींत लिहून) हलवत होतो, म्हणजे प्रत्येक हालचालीला कर्नलकडे, लिनक्सच्या गाभ्याकडे, एक फेरी. नुसत्या लिहिण्याच्याच पंधरा लाखांवर! आमच्या सोसायटीचा वॉचमन दूधवाल्यालाही रोज रजिस्टरात सही करायला लावतो ना, तसला कारभार.

उपाय रास्पबेरी पायवाल्यांनी ओपनओसीडीत आधीच केलेला आहे: जीपीआयओचे (पिना हलवणारे) रजिस्टर एममॅप करून, म्हणजे मेमरीसारखे वापरता येतील असे, थेट प्रोग्रॅमच्या हाती द्यायचे. त्यांची फाईल समोर ठेवून मी आपली लिहिली. नॅनोनोटमधल्या इन्जेनिकच्या चिपमध्ये पिना वर करायला एक रजिस्टर आणि खाली करायला दुसरा. त्यामुळे आधी वाचा, बदला, परत लिहा ही भानगडच नाही. शिवाय टीडीआय शून्य असेल तेव्हा तो आणि क्लॉक एकाच लिहिण्यात खाली येतात. हे जमलं तेव्हा रात्री दीड वाजता मी एकटाच हसलो. आई उठून बघून गेली.

पण गंमत पुढेच. आता ब्लू पिलच्या चिपचा आयडी बरोबर यायचा, ३बीए००४७७, पण रिसेटनंतर मेमरी वाचायला गेलं की चूक. पुन्हा वायरींवर संशय! शेवटी ओपनओसीडीच्याच फाईलीतली एक टीप दिसली: जेटॅगचा वेग प्रोसेसरच्या वेगाच्या एक षष्ठांशाच्या आत हवा. रिसेटनंतर ब्लू पिल ८ मेगाहर्ट्झवर असते, म्हणून १ मेगाहर्ट्झ ठेवा. म्हणजे एवढा आटापिटा करून पळवलेल्याला मीच वेळ काढणाऱ्या रिकाम्या लूपचा लगाम घातला.

आता चहात साखर ढवळेपर्यंत काम होतं. तापकीर गल्लीचे जंपर तसेच पडून आहेत, हवेत तर दिवाळीला घेऊन जा. नॅनोनोट मात्र परत मागू नकोस.

तुझाच